आठपैकी सात भाग ढग

माणसाच्या मनात जे दाटतं, ते आधी आभाळात दाटतं, हे साहित्याचं सनातन सत्य आहे. निदान धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळात, ते सत्य होतं. सहानंतर तो हॉल योगासनांच्या वर्गाला दिलेला होता.

हे सत्य सांगणारे प्रा. मनोहरराव खानझोडे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कथालेखनाची कार्यशाळा काढली. त्यांच्या स्वतःच्या चार कथासंग्रहांत मिळून एकोणीस माणसं मरतात आणि त्यांतलं एकही कोरड्या हवेत मरत नाही. वियोग आला की धुकं पडतं, संशय आला की वावटळ उठते, आणि नायिकेनं होकार दिला की महिना कोणताही असो, पळस फुलतो. "हवा म्हणजे पात्राची त्वचा," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत. बाहेर फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन असे. खाली रस्त्यावर साऱ्या विदर्भातून आलेली माणसं काखेत एक्स-रेची पाकिटं धरून तर्री-पोहे खात उभी असत. कुणाचा बाप आयसीयूत, कुणाची सून ऑपरेशनला नेलेली, आणि आभाळाला त्याची काही खबर नसे. मनोहरराव मग पडदा ओढून घेत.

पहिल्या शनिवारी एक गृहस्थ दीड तास अत्यंत लक्षपूर्वक व्याख्यान ऐकत बसले होते. शेवटी त्यांनी हात वर केला आणि डॉक्टरसाहेब कधी येणार म्हणून विचारलं. ते गेल्यावर कार्यशाळेत सात जण उरले.

त्या सातांत सगळ्यात मागे बसत देवाजी लांजेवार. वय बासष्ट, राहणार हुडकेश्वर, मूळचे पारशिवनीकडचे. पाटबंधारे खात्यात त्यांनी एकतीस वर्षं पाऊस मोजला. काम सोपं होतं. कुंपण घातलेल्या चौकोनात एक नळकांडं उभं असे. रोज सकाळी साडेआठला त्यात जमलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. पाणी नसेल तर 'निरंक' लिहायचं. देवाजींनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द तोच. न बघता आकडा लिहून टाकायची सोय अशा कामात असतेच. देवाजींनी ती कधी घेतली नाही. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते हळद लागलेल्या अंगानं सायकलवरून साडेआठला जाऊन आले. निरंक.

कथा लिहायची त्यांना काडीची हौस नव्हती. त्यांना बायको परत आणायची होती.

झालं होतं असं. डिसेंबरात कांताबाईंना पाच दिवस ताप आला. देवाजींनी नवी वही काढली, रेघा मारल्या आणि रोज सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशा दोन नोंदी घेतल्या. गोळ्या वेळेवर दिल्या, पेज करून घातली. सहाव्या दिवशी ताप उतरल्यावर कांताबाईंनी ती वही चाळली. आकडे बिनचूक होते. मात्र 'तुले कसं वाटते' असं या माणसानं पाच दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि धाकट्या भावाकडे, रुपरावांकडे, भिवापूरला निघून गेल्या. तिथे जानेवारीपासून मिरची वाळवायचं काम असतं, हात कमीच पडतात, तेव्हा जाण्याला कारण होतं. परत येण्याला मात्र दीड महिना झाला तरी कारण सापडत नव्हतं.

"ये" एवढं म्हणायला फोन होता. पण तो शब्द देवाजींच्या तोंडातून पस्तीस वर्षांत निघाला नव्हता, तो आता बासष्टाव्या वर्षी, तेही मेव्हण्याच्या फोनवर, कसा निघावा? अशात त्यांना कार्यशाळेची जाहिरात दिसली. तीत लिहिलं होतं, 'भावना न सांगता व्यक्त करा.' देवाजींना वाटलं, आपल्यासाठीच काढलेला वर्ग आहे.

पहिला गृहपाठ होता: जवळच्या माणसाला पत्र लिहा, मनातलं न सांगता. देवाजींनी कांताबाईंना लिहिलं. 'आकाश निरभ्र. वारा मंद, उत्तरेकडून. पर्जन्य निरंक. मन उदास.'

मनोहररावांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि बराच वेळ डोळे मिटून घेतले. मग म्हणाले की शेवटचे दोन शब्द हा गुन्हा आहे, ते आधी खोडा. देवाजींनी खोडले. आता उरलं ते निरभ्र आकाश. पण उदास माणसाच्या डोक्यावर निरभ्र आकाश असूच शकत नाही, तेव्हा तेही खोडा आणि ढग आणा.

"पण सर, ढग नव्हता," देवाजी म्हणाले.

"मग आणा."

"कुठून आणू?"

"मनातून आणा, लांजेवार."

पुढच्या बाकावर प्रेमिला बसली होती. ती शेजारच्याच एका दवाखान्यात काउंटरवर काम करायची आणि ड्यूटी संपली की कथा लिहायची. ती म्हणाली, "सर, आमच्या इथं रोज कोनी ना कोनी रडते. पन एसी चोवीसवरच राह्यते." मनोहररावांनी तिला कथेतलं वास्तव आणि दवाखान्यातलं वास्तव यांतला फरक समजावून सांगितला. त्यात वीस मिनिटं गेली.

देवाजी घरी आले ते पेचातच. खोटी नोंद त्यांच्यानं होईना. मग त्यांनी सरळ मार्ग काढला: खरा ढग येईल त्या दिवशी पत्र लिहायचं. आठवडाभर ते सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन उभे राहिले. नागपूरच्या फेब्रुवारीनं त्यांना दाद दिली नाही. बुधवारी वायव्येला एक पांढरा पुंजका दिसला. देवाजी वही घेऊन धावत वर गेले, तोवर तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे गेला आणि पलीकडून काही बाहेर आला नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी कोरी वही पुढे केली आणि ढग आलाच नाही म्हणून सांगितलं. वर्गात कुणी हसलं नाही, कारण देवाजींचा चेहरा खरोखर पडला होता.

"लेखकानं ढगाची वाट बघायची नसते," मनोहरराव मऊ आवाजात म्हणाले. "तुम्ही बाईंना बोलवायला निघालात ना? मग या एका दिवसापुरतं रजिस्टर मिटा. कधी तरी मन मोकळं सोडा."

देवाजींनी तिथेच बसून लिहिलं. एकतीस वर्षांतली ती पहिली खोटी नोंद होती, आणि खोटी नोंद कशी करतात हे माहीत नसल्यामुळे त्यांनी ती खऱ्यासारखी केली. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग पाडायचे आणि त्यांतले किती झाकले ते लिहायचं, ही हवामानवाल्यांची रीत. देवाजी त्या रीतीनं गेले.

'सकाळी साडेआठ. आकाशाचे आठपैकी सात भाग व्यापलेले. ढग काळे, फार खाली उतरलेले. वारा पूर्वेकडून, मधेच एकदम पडतो. अशी हवा मी सगळ्या नोकरीत तीनच वेळा पाहिली. हे आता फार वेळ धरवणार नाही. आज नाही तर उद्या कोसळेल. गारांसकट.'

मनोहररावांनी वाचलं आणि खुर्चीवरून उठले. असा संयम त्यांनी अलीकडच्या मराठी गद्यात पाहिला नव्हता. 'गारांसकट' या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली आणि वर्गाला सांगितलं की या गारा म्हणजे पुरुषाच्या घशात पस्तीस वर्षं गोठलेले शब्द आहेत. देवाजींनी ते ऐकून घसा खाकरला. त्यांचा फोन साधा होता, म्हणून प्रेमिलानं पत्राचा फोटो काढला आणि पिंकीच्या, म्हणजे रुपरावांच्या सुनेच्या, व्हॉट्सॲपवर पाठवला. वर एक ओळ टाकली: 'कांताबाईंसाठी, देवाजी काकांकडून.'

रविवारी सकाळी भिवापूरला रुपरावांच्या शेतातल्या खळ्यावर मिरची पसरलेली होती. शेजारी आनंदरावांची होती, पलीकडे आणखी तिघांची. बाया बसून डागी मिरच्या वेगळ्या काढत होत्या. पिंकीनं फोन उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, कारण आतेसासूबाईंचा चष्मा घरी राहिला होता.

'आठपैकी सात' येईपर्यंत बायांचे हात चालू होते. 'पूर्वेकडून' ला रुपराव उठून उभे राहिले. 'गारांसकट' ला त्यांनी ताडपत्री कुठे आहे ते विचारलं.

यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत देवाजींनी फोनवर सहज म्हटलं होतं की दोन दिवस मिरची पसरू नको. रुपरावांनी पसरली नाही. दुसऱ्याच दिवशी लिंबाएवढी गार पडली आणि त्या भागात कोरडी मिरची एकट्या रुपरावांकडे राहिली. तेव्हापासून 'नागपूरचे भाऊजी' हे त्या शिवारात सरकारी अंदाजापेक्षा वरचं खातं होतं. त्यांनी आजवर हवेबद्दल कधी चार वाक्यं सलग सांगितली नव्हती. इथे तर पत्रच आलं होतं.

आनंदरावांनी वर पाहिलं. आभाळ धुतलेल्या ताटासारखं होतं. ते म्हणाले, "एकही ढग नाई दिसून राहिला ना गा."

"नागपुरावून याले टाइम लागनार नाई का?" रुपराव म्हणाले.

तरी आनंदराव घुटमळत होते. तेव्हा कांताबाईच उठल्या. पदर खोचला आणि पोतं उघडलं. म्हणाल्या, "या मानसाले दुसरं काई येत नाई, पन खोटं लिव्हताही येत नाई. भरा."

मग कुणी थांबलं नाही. दुपारपर्यंत पाचही खळी रिकामी झाली. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्यानं मिरची कोंबली. गोठ्यातून गुरं बाहेर बांधली, देवळाच्या ओसरीवर ताडपत्र्या पडल्या. पिंकीनं दोरीवरचे कपडेही काढून आणले. संध्याकाळी सगळे अंगणात बसून पूर्वेकडे बघू लागले. तिकडून चंद्र आला.

सोमवारी ऊन आणखी कडक पडलं. आनंदरावांनी दिवसातून चारदा येऊन आभाळाची चौकशी केली; चौथ्यांदा ती चौकशी राहिली नव्हती. ओलसर मिरची अशी दाबून राहिली की आतून तापते, रंग जातो, हे तिथल्या लेकरांनाही कळतं. शेवटी संध्याकाळी रुपरावांनी देवाजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

देवाजी दोन दिवस त्या फोनचीच वाट बघत होते. घंटा वाजताच त्यांनी उचलला. पलीकडून खुशाली वगैरे काही न विचारता प्रश्न आला.

"भाऊजी, कोसळनार व्हतं म्हने. तं कवा?"

देवाजींना आधी काही उमजेना. मग रुपरावांनी पाच खळ्यांची हकिकत सांगितली तेव्हा ते पलंगावर बसले. पाच शेतकऱ्यांनी आपल्या शब्दावर उन्हातली मिरची आत नेली. नोकरीत असते तर याची चौकशी लागली असती, आणि त्यांनी स्वतःच ती मागितली असती.

"रुपराव," ते म्हणाले, "ते ढग नव्हते गा."

"नव्हते म्हंजे?"

"म्हंजे आभाळात नव्हते."

"मंग कुठं व्हते?"

रुपरावांना वाटलं फोन कटला. मग देवाजी म्हणाले, "माह्या मनात व्हते."

अंगणात पंधरा-वीस माणसं होती. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. रुपराव वळून बहिणीला सांगू लागले की बाई, भाऊजी असं असं म्हणून राहिले. कांताबाईंनी ते ऐकलंच होतं. त्या मागूनच बोलल्या.

"मनातल्या ढगाले आठपैकी सात काहून लिव्हलं मंग?"

कांताबाई पुढे आल्या, फोन हातात घेतला, स्पीकर कसा बंद करतात ते पिंकीला विचारलं, आणि तो बंद झाल्याची खात्री न करता म्हणाल्या, "ढग राहू द्या तिकडं. तुमाले मले काय म्हनायचं हाये ते सांगा."

देवाजी खिडकीबाहेर बघत होते. सांगण्यासारखं तिथे काही नव्हतं. ऊन उतरलं होतं, वारा बेताचा होता. त्यांनी खोलीत नजर फिरवली. भिंतीला लावून ठेवलेली दुसरी खुर्ची, पालथी घातलेली दुसरी ताटली.

"घर लय मोठं लागते वं," ते म्हणाले.

"दोनच खोल्या हायेत," कांताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रुपरावांनी मिरची लगेच बाहेर काढली नाही. आनंदराव आणि बाकीचे काढायला गेले, पण रुपरावांचं म्हणणं पडलं की भाऊजींचा माणूस म्हणून भरवसा आता नसेल, नोंदीचा आहे. सात भाग म्हणजे सात भाग, दोन दिवस आणखी बघू. ते दोन दिवस त्यांनी पुरे बघितले.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास हुडकेश्वरच्या घराची कडी वाजली. दारात कांताबाई उभ्या होत्या. हातात तीच पिशवी. डोळे लाल, काठोकाठ भरलेले. देवाजी म्हणाले, "ये." तो शब्द निघाला त्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. कांताबाईंना उत्तर देता येईना. घसा दाटला होता, ओठ हलले पण आवाज फुटला नाही. त्या तशाच आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. देवाजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि, कुणी न सांगता, "कसं वाटते?" असं विचारलं. कांताबाईंनी हातानं थांबा अशी खूण केली. देवाजी थांबले. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात भावपूर्ण दहा मिनिटं होती, आणि त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

शनिवारपर्यंत ही बातमी धंतोलीत पोचली होती. मनोहररावांनी त्या दिवशी मुद्दाम खादीचा नवा कुर्ता घातला. एका पत्रानं पाच खळी हलवली आणि एक संसार जोडला, एवढं सामर्थ्य आपल्या चार संग्रहांनाही लाभलं नव्हतं, असं ते विनयानं म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तो विनय नवा असल्यासारखा दिसत होता. त्यांनी देवाजींना शाल दिली. कांताबाईही आल्या होत्या, त्यांना नारळ दिला. मग फळ्यावर पत्रातली वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि वर्गाला सांगितलं की आज आपण एक दुर्मीळ प्रयोग करणार आहोत: खुद्द वाचकाकडून ऐकणार आहोत.

"बाई, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं," ते म्हणाले. "तुम्हांला शब्द फुटत नव्हता. यजमानांनी सगळं सांगितलंय मला. आता तुम्ही सांगा, यातल्या कोणत्या वाक्यानं तुम्ही घरी परत आलात?"

प्रेमिलानं वही उघडून पेन सरसावलं. कांताबाईंनी फळा वरपासून खालपर्यंत नीट वाचला, चष्मा काढला, आणि कोणत्याच वाक्यानं नाही म्हणून सांगितलं. भिवापूरला त्या ज्या खोलीत झोपत, तिथे रुपरावांनी बावीस पोती मिरची ठेवली होती.